शहरातल्या लाकूडकचऱ्यावर वाफ करायची असेल, तर आधी त्यातलं पाणी मोजा

तुम्ही विचारलंय ते असं: तुमच्या शहरात उद्यान विभागाचे फांद्यांनी भरलेले ट्रक रोज कचरा डेपोवर जातात, गावाबाहेर चार-पाच सॉ मिल आणि एक मोठा फर्निचर बाजार आहे, आणि युरोपात अशाच लाकूडकचऱ्यावर अख्खी शहरं गरम ठेवतात असं तुमच्या वाचनात आलंय. आपल्याकडे घरं गरम करायची नाहीत, पण महापालिकेचं मोठं रुग्णालय आहे, वसतिगृहं आहेत, जवळच डेअरी आणि कापड रंगवणारे कारखाने आहेत. तिथं हे लाकूड वापरता येईल का, आणि सुरुवात कुठून करावी?

येईल. मी अठ्ठावीस वर्षं बॉयलरच्या कामात आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त लाकूड, भुसा, ब्रिकेट (भुसा दाबून केलेले ठोकळे) आणि बगॅस (उसाचं चिपाड) जाळणाऱ्या बॉयलरवर गेली. माझ्या पाहण्यात लाकडावरचे जे प्रकल्प बंद पडले, त्यातला एकही बॉयलर खराब होता म्हणून बंद पडला नाही. इंधन ओलं होतं, नाहीतर घाण होतं. म्हणून बॉयलरबद्दल मी शेवटी आणि थोडंच बोलणार आहे. बहुतेक सगळं बोलणं लाकडाच्या आवाराबद्दल, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत वखारीबद्दल आहे.

आधी युरोपचं. तुम्ही जे वाचलंय ते खरं आहे. स्वीडनमधल्या वेक्शो या गावाने १९८० मध्ये आपल्या तेलावरच्या उष्णता केंद्रात लाकडाचे चिप्स, म्हणजे यंत्राने केलेले बारीक तुकडे, जाळायला सुरुवात केली, आणि १९९६ मध्ये तिथल्या नगरपालिकेने खनिज इंधन पूर्ण सोडायचं ठरवलं. स्टॉकहोमच्या वार्तान बंदरात २०१६ मध्ये सुरू झालेलं केंद्र जंगलातल्या छाटणीवर आणि लाकूड कारखान्यांच्या उरलेल्या मालावर चालतं. त्यातून १३० मेगावॅट वीज आणि २८० मेगावॅट उष्णता मिळते, आणि चिप्स जहाजाने व रेल्वेने येतात. त्याच आवारातला कोळशावरचा शेवटचा बॉयलर एप्रिल २०२० मध्ये बंद झाला. तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र अमेरिकेतल्या सेंट पॉलचं आहे. तिथं २००३ पासून शहराच्या मध्यभागाला उष्णता देणारं केंद्र मुख्यतः त्याच भागातल्या पडलेल्या, छाटलेल्या आणि किडीने मेलेल्या झाडांवर चालतं. म्हणजे तुमचे उद्यान विभागाचे ट्रक तिथं डेपोऐवजी बॉयलरकडे वळतात.

आता यातली एक गोष्ट आपल्याकडे सांगितलीच जात नाही, आणि तिच्यापायी माझ्या डोळ्यांदेखत लाखो रुपये वाया गेलेत. या थंड देशांतल्या केंद्रांत निम्मं पाणी असलेले चिप्स सर्रास जाळतात. आपले लोक तिथं जाऊन ते बघतात आणि परत येऊन म्हणतात, ओलं चालतं. तिथं का चालतं ते समजून घ्या. शहरभर फिरून घरं गरम करून आलेलं पाणी केंद्रात परत येतं तेव्हा साधारण ४५ ते ५० अंश असतं. ओल्या लाकडाच्या धुरात भरपूर वाफ असते आणि धूर ६०-६५ अंशांखाली गेला की तिचं पुन्हा पाणी व्हायला लागतं. मग ते चिमणीच्या आधी धूर या परतीच्या थंड पाण्यावरून नेतात. धुरातली वाफ तिथं पुन्हा पाणी होते आणि लाकडातलं पाणी उकळायला जी उष्णता खर्च झाली होती ती बरीचशी परत मिळते. शहर हेच त्यांचं कंडेन्सर, म्हणजे वाफेचं पाणी करणारं यंत्र, आहे. आपल्या कारखान्यातल्या वाफेच्या बॉयलरला असं थंड परतीचं पाणी मुबलक मिळत नाही. धूर १५० ते १८० अंशांना चिमणीतून बाहेर पडतो आणि लाकडातलं पाणी वाफ होऊन, आपल्या पैशाने तापून, आकाशात जातं.

किती पैशाने, ते कागदावर मांडू. पूर्ण कोरड्या लाकडात किलोला साधारण ४,४०० किलोकॅलरी वापरण्याजोगी उष्णता असते. झाड कुठलंही असो, गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी, किलोमागे फार फरक पडत नाही. फरक पडतो तो पाण्याने. निम्मं पाणी असलेल्या एक किलो चिप्समध्ये कोरडं लाकूड अर्धाच किलो, म्हणजे २,२०० किलोकॅलरी. त्यातून अर्धा लिटर पाण्याची वाफ करायला जवळपास ३०० गेल्या. उरल्या १,९००. शिवाय ओलं लाकूड जळताना भट्टी थंड पडते आणि बॉयलरची कार्यक्षमता ६० टक्क्यांवर घसरते. हातात आल्या ११४०, म्हणजे किलोला जेमतेम दोन किलो वाफ. तेच लाकूड १५ टक्के पाण्यावर आणलंत तर किलोला ३,६५० किलोकॅलरी आणि कार्यक्षमता ७५ टक्के धरता येते. हातात २,७४०, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास वाफ. आता समजा ओला माल ३,००० रुपये टनाने आणि वाळलेला ५,००० रुपये टनाने मिळतोय. खरेदी विभाग ३,००० वाला घेणार, हे ठरलेलं. पण एक लाख किलोकॅलरी कामाची उष्णता ओल्यातून २६० रुपयांच्या वर पडते आणि वाळलेल्यातून १८० च्या आसपास. स्वस्त माल महाग पडला. हे गणित मी इतक्या ठिकाणी फळ्यावर मांडलंय की आता ते पाठ झालंय, आणि तरीही टनाचा दर बघून टेंडर काढणं थांबलेलं नाही.

एक प्रसंग सांगतो. पुण्याजवळच्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात जुलै महिन्यात मला बोलावलं. तक्रार अशी की नवा बॉयलर प्रेशर धरत नाही, कंपनीने फसवलं. मी पोचलो तेव्हा चिमणीतून पांढरा, जाड, जमिनीकडे झुकणारा धूर निघत होता. प्रेशर सातवरून चारवर आलं होतं. फायरमन दर पाच-दहा मिनिटांनी भट्टीचं दार उघडून लोखंडी सळईने आग हलवत होता, आणि दार उघडलं की बाहेरची गार हवा आत शिरून आग आणखी मरत होती. तो बिचारा घामाने निथळत होता आणि वर बोलणी खात होता. मी कन्व्हेयरवरून मूठभर चिप्स उचलले आणि दाबले. बोटांच्या फटींतून पाणी आलं. एक किलो मोजून प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ४६० ग्रॅम भरले. म्हणजे शंभरातले ५४ रुपये पाण्याला दिलेले. बॉयलरला हात लावावा लागला नाही. चिप्सच्या ढिगावर पत्र्याची शेड झाली, पावसाचे चार महिने निम्म्याला निम्मं ब्रिकेट मिसळायचं ठरलं आणि प्रत्येक ट्रकचा ओलावा मोजून पैसे द्यायची अट आली. सप्टेंबरात मी पुन्हा गेलो तेव्हा चिमणीवर काहीच दिसत नव्हतं, नुसती हवा थरथरताना दिसत होती. लाकूड नीट जळतंय की नाही हे बघायला तेवढी खूण पुरते.

म्हणून तुमचं पहिलं काम म्हणजे वाळवणं. इथं आपल्याला युरोपपेक्षा फार मोठी देणगी आहे, ती उन्हाची. ऑक्टोबर ते मे आपल्याकडे लाकूड फुकट वाळतं. फक्त वाळवायचं कसं ते समजलं पाहिजे. आधी वाळवा आणि मग चिप करा. उलट करू नका. ओल्या चिप्सचा ढीग आतून तापतो, कारण त्यात बुरशी आणि जिवाणू काम करायला लागतात. काही दिवसांत आत ६०-७० अंश होतात, लाकडातला चांगला भाग कुजून जातो, आणि ढीग मोठा व दाबलेला असेल तर धुमसूनही पेटतो. हात घातला तर चटका बसेल असा वाफाळता ढीग मी स्वतः पाहिलाय. शिवाय तो उलथताना उडणारी बुरशीची धूळ कामगारांच्या छातीत जाते. ओंडके आणि जाड फांद्या मात्र जमिनीपासून वीतभर उंच, मध्ये हवेला फट ठेवून, वाऱ्याच्या आडव्या दिशेने रचल्या तर एका उन्हाळ्यात २०-२५ टक्क्यांवर येतात. लागेल तसे, दोन-तीन दिवसांपुरते चिप करायचे.

अडचण अशी की आपल्या शहरांत झाडांची छाटणी होते ती पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मे मध्ये. कारण योग्यच आहे, वाऱ्यापावसात फांदी कोणाच्या डोक्यात पडू नये. पण याचा अर्थ वर्षातला सगळ्यात मोठा माल नेमका पावसाच्या तोंडावर येतो आणि वाळायला महिनाही मिळत नाही. त्यातून १७ मे २०२१ ला आलेल्या तौक्तेसारखं वादळ झालं तर एका रात्रीत शहरभर झाडं आडवी होतात आणि पुढचे तीन महिने पाऊसच. हा माल यंदाचा समजूच नका. तो पुढच्या वर्षीचा आहे. तो पावसाळाभर छपराखाली राहील, ऑक्टोबरनंतर उन्हात वाळेल आणि डिसेंबरनंतर जळेल. उद्यान विभागाशी बोलून मेलेली आणि धोकादायक म्हणून काढायला मंजुरी मिळालेली झाडं तेवढी दिवाळीनंतर काढता आली, तर फार फरक पडतो.

आता जागा किती लागेल? तुम्हाला रोज दोन टन वाळलेलं इंधन लागतं असं धरलं, तर पावसाळ्याचे चार महिने म्हणजे २४० टन साठा. चिप्सचं वजन घनमीटरला २०० ते २५० किलो भरतं, म्हणजे हजार-बाराशे घनमीटर. रचलेले ओंडके त्याच्या निम्म्या जागेत बसतात. तेवढी छपराखालची जागा, ट्रक वळायला आवार, वजनकाटा, चिपर आणि आग विझवायला पाण्याची टाकी. शहरात बॉयलरला जागा मिळते, वखारीला मिळत नाही. तुमची महापालिका डेपोजवळ किंवा मलनिस्सारण केंद्राच्या आवारात दीड-दोन एकर देऊ शकत असेल तरच पुढे जा. जागेचं नक्की नसेल तर बॉयलरचं कोटेशन मागवण्यात अर्थ नाही.

माल किती आहे, याचाही नीट हिशोब लागेल. महापालिकेच्या नोंदीत "ट्रक" असतात, टन नसतात. फांद्यांनी वरपर्यंत रचलेला ट्रक दिसतो डोंगराएवढा, आणि काट्यावर दीड टन भरतो, तोही ओला. त्यातला सगळा माल बॉयलरचा नाही. अंगठ्यापेक्षा बारीक काटक्या आणि पाला बॉयलरमध्ये घालू नका. पाल्यात आणि कोवळ्या सालीत पोटॅश आणि क्लोरीन जास्त असतं. त्याची राख भट्टीतच वितळून ग्रेटवर, म्हणजे इंधन जळतं त्या जाळीवर, काचेसारखी चिकटते. आम्ही त्याला क्लिंकर म्हणतो, आणि तो फोडायला बॉयलर बंद ठेवावा लागतो. पाला कंपोस्टला जाऊ द्या, तिथं तेच पोटॅश जमिनीच्या कामाचं आहे. नारळाच्या झावळ्यांचंही तसंच आहे. त्यांचे धागे चिपरच्या पात्यांना गुंडाळतात आणि त्यांची राखही त्रासाची असते. करवंट्या मात्र जितक्या मिळतील तितक्या घ्या, त्यासारखं इंधन नाही. मनगटाहून जाड फांदी हा तुमचा खरा माल, आणि त्यातले सरळ जाड ओंडके बहुतेक ठिकाणी आधीच स्मशानभूमीला जातात. ते जाऊ द्या. वस्तीतल्या बायका चुलीसाठी सरपण नेत असतील तर तेही थांबवू नका. त्यांचा हक्क आपल्या आधीचा आहे. हे सगळं वजा करून जे उरतं तो तुमचा साठा. माझ्या अनुभवात पहिल्या अंदाजाचा तिसरा हिस्सा उरतो.

सॉ मिलचा भुसा फुकट मिळेल ही आशाही सोडा. तो कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरायला जातो, ब्रिकेटवाले उचलतात. त्याला गिऱ्हाईक आहे आणि भाव आहे. तुम्हाला तो सुट्या स्वरूपात नकोच आहे. सुका भुसा हवेत उडाला आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. तो दाबून ब्रिकेट केलेला बरा, ज्याला बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. तुमच्यापैकी वयाने मोठे असतील त्यांना भुशाची शेगडी आठवत असेल. मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद काढायची, आणि त्या भोकातून हवा खेळून शेगडी दोन-तीन तास संथ जळायची. आईने भुसा सैल भरला की घरभर धूर व्हायचा. घट्ट आणि कोरडा भरला की निळी ज्योत. मोठा बॉयलर याहून वेगळा नाही. हवा कुठून येते आणि लाकडातून निघालेल्या वायूंना जळायला पुरेशी जागा, पुरेसा वेळ आणि पुरेशी उष्णता मिळते का, एवढाच प्रश्न असतो.

आता फर्निचर बाजार. इथं मी कडक बोलणार आहे. प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड, सनमायका लावलेले तुकडे, रंगवलेल्या जुन्या खिडक्या, यातलं काहीही तुमच्या बॉयलरमध्ये जाता कामा नये. बोर्डमधला डिंक बहुतेक फॉर्माल्डिहाइडचा असतो. कडेच्या पट्ट्या पीव्हीसीच्या असतात. त्या जळल्या की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, ते तुमच्या बॉयलरच्या नळ्या खातं, आणि भट्टी थंड असेल तर डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार होतात. जुन्या रंगात शिसं असतं. जुने लाकडी रेल्वे स्लीपर क्रिओसोट या डांबरी तेलात मुरलेले असतात, आणि कूलिंग टॉवरच्या मोडलेल्या फळ्यांत तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. दिसायला त्या उत्तम सुक्या फळ्या असतात, आणि त्यातलं आर्सेनिक धुराबरोबर वस्तीत जातं. जर्मनीने २००३ पासून जुन्या लाकडाच्या चार प्रती कायद्यानेच ठरवल्यात. कसलीही प्रक्रिया न केलेलं पहिल्या प्रतीत, डिंक-रंगाचं दुसऱ्या, पीव्हीसी लागलेलं तिसऱ्या आणि विषारी औषध लावलेलं चौथ्या, आणि कुठली प्रत कुठल्या केंद्रात जाळायची हेही ठरलेलं आहे. आपल्याकडे अशी चाळणी कोणी लावत नाही, म्हणून तुम्ही सरळ पहिल्या प्रतीवरच थांबा. पॅकिंगची लाकडी पॅलेट चालतील, पण त्यावरचा शिक्का बघा. एचटी म्हणजे तापवून निर्जंतुक केलेलं, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते परत पाठवा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका डाईंग युनिटला ठेकेदार "शुद्ध लाकूड चिप्स" पुरवत होता. कागदपत्रं चोख होती. कामगारांचे डोळे चुरचुरतात एवढीच तक्रार होती. मी राखेचा गाडा रिकामा करायला लावला आणि फावड्याने राख पसरवली. तीत बिजागऱ्या होत्या. कपाटाच्या दाराच्या लहान स्प्रिंगच्या बिजागऱ्या, स्क्रू, एक अर्धवट वितळलेलं हँडल. झाडाला बिजागरी येत नाही. त्या दिवसापासून मी कुठल्याही बॉयलरवर गेलो की आधी राख बघतो, मग लॉगबुक. स्वच्छ लाकडाची राख शंभर किलोला किलोभरही होत नाही, साल असेल तर दोन-तीन किलो. रंगाने फिकट करडी आणि हाताला मऊ. ती कंपोस्टमध्ये घालता येते. स्वीडनमध्ये ती जंगलात परत नेऊन टाकतात. घाण लाकडाची राख घ्यायला कोणीही तयार होत नाही, आणि तुमच्या आवारात ती साठत जाते.

धुराबद्दल तुमच्या गटातल्या एकाने लिहिलंय की मुंबईत तर लाकडाच्या बेकऱ्या बंद करायला सांगितल्या, मग आपण लाकूड जाळायचं कसं? रास्त प्रश्न आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना आणि तंदूर भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, आणि मला ते पटतं. दाट वस्तीत, तळमजल्यावर, भंगारातलं लाकूड, कसलाही फिल्टर नाही आणि चिमणी शेजारच्या खिडकीच्या उंचीला. असं शेकडो ठिकाणी थोडंथोडं अर्धवट जळतं तेव्हा हवा बिघडते. त्याहून वाईट म्हणजे कोपऱ्यावर आणि डेपोवर उघड्यावर जळणारा पालापाचोळा. तेच लाकूड एका जागी, वाळवून, ८५० अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत, पाठीमागे बॅग फिल्टर (धूर कापडी पिशव्यांतून गाळणारी यंत्रणा) लावून जाळलं तर हिशोब पार बदलतो. पण फिल्टर खरा हवा. बरेच विक्रेते नुसता सायक्लोन, म्हणजे धूर गरगर फिरवून कण वेगळे करणारं नळकांडं, दाखवतात. सायक्लोन जाड कण पकडतो, पण फुप्फुसात खोल जाणारे अडीच मायक्रॉनचे कण त्यातून सुटतात. शहराच्या हद्दीत असाल तर सायक्लोन आणि त्याच्या पुढे बॅग फिल्टर, दोन्ही. सायक्लोन आधी ठेवायचं कारण म्हणजे उडत्या ठिणग्या तिथं अडतात, नाहीतर पिशव्यांना भोकं पडतात. आणि फिल्टर टाळून धूर थेट चिमणीत सोडणाऱ्या बायपासच्या झडपेला सील लावा. रात्रपाळीत पंख्याचा लोड वाचवायला ती उघडली जाते, हे मी पाहिलंय.

आता उष्णता कोणाला द्यायची. रुग्णालय आणि वसतिगृहांना आंघोळीपुरतं गरम पाणी हवं असेल तर लाकडाच्या वाटेला जाऊच नका. मी लाकडाचा माणूस असून सांगतो. ६० अंशांच्या पाण्यासाठी आपल्या उन्हात छतावरचे सोलर बंब आणि पावसाळ्याच्या दिवसांत हीट पंप, जो एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतो, हे सोपं, स्वच्छ आणि फायरमनशिवाय चालणारं आहे. लाकूड लागतं ते जिथं १५० अंशांची वाफ दिवसाचे सोळा-वीस तास, वर्षाचे तीनशे दिवस लागते तिथं. डेअरीचं पाश्चरायझेशन आणि टाक्या धुणं, कापडाची रंगाई, रुग्णालयाची मोठी लाँड्री. तुमच्याकडे डेअरी आणि रंगाई कारखाने जवळजवळ आहेत, हे फार चांगलं आहे. एक मध्यम बॉयलर तिथं बसवून दोघांना इन्सुलेट केलेल्या पाइपने वाफ द्या. पाचशे मीटरच्या आत असेल तर पाइपातली उष्णतेची गळती सोसते, दोन किलोमीटरवर असेल तर वाफेचा नाद सोडा. सेंट पॉलमध्ये उष्णतेच्या पाइपांबरोबर १९९३ पासून इमारतींना थंड पाणीही देतात. आपल्या शहरांना खरी गरज थंडाव्याची आहे, आणि वाफेच्या उष्णतेवर पाणी गार करणारे व्हेपर ॲब्सॉर्प्शन चिलर आपल्याकडे सर्रास मिळतात. तुमचं मोठं रुग्णालय डेअरीच्या शेजारी असेल तर त्याचं एसी त्यावर चालवायचा विचार दुसऱ्या टप्प्यात नक्की करा. पहिल्या टप्प्यात नको, एका वेळी एकच गोष्ट शिकावी.

आजचं इंधन पीएनजी, म्हणजे पाइपने येणारा गॅस, असेल तर तुलना घनमीटरशी करू नका आणि टनाशीही नाही. बॉयलरच्या तोंडावर वाफेचं मीटर लावा आणि एक टन वाफेला काय पडतं ते बघा. त्यात लाकूड वाहतूक, चिपरचं डिझेल आणि पाती, वखारीतली माणसं, राख आणि पिशव्या बदलणं, सगळं धरा. महापालिकेने स्वतः बॉयलर विकत घेण्यापेक्षा वाफ टनाने विकत घ्यावी, असं माझं मत आहे. ठेकेदाराला वाफेचे पैसे मिळणार असतील तर लाकूड वाळवणं त्याच्याच फायद्याचं होतं. पण याच करारात तो प्लाय जाळायलाही मोकळा होतो, कारण प्लाय सुकं आणि स्वस्त असतं. म्हणून वखार आणि इंधनाचं गेट महापालिकेच्या हातात ठेवा, आणि राखेची अचानक तपासणी करारात लिहा.

आणखी एक अट लिहा, आणि ती कोणी काढू म्हणालं तरी काढू देऊ नका. बॉयलरला माल कमी पडला तर ब्रिकेट आणायचे किंवा गॅसवर चालवायचं, झाडं तोडायची नाहीत. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, तरीही लाकडाला गिऱ्हाईक मिळालं की "धोकादायक" झाडांची संख्या वाढते. छाटणीचा माल डेपोवर कुजून मिथेन सोडतो किंवा तिथंच पेटतो, म्हणून तो जाळून वाफ करण्यात अर्थ आहे. उभं झाड तोडून त्याची वाफ केली, तर तेवढा कार्बन पुन्हा झाडात जायला पुढची तीस-चाळीस वर्षं लागतील आणि तोवर त्या रस्त्यावर सावली नसेल. मग या सगळ्या खटाटोपाला काही आधारच उरत नाही.

बॉयलर कुठला, हे शेवटी. फिरत्या ग्रेटचा घ्या, त्यात चिप्स, करवंटी, ब्रिकेट सगळं चालतं. हाताने लाकूड घालायचा स्थिर ग्रेटचा स्वस्त मिळेल, पण दर वेळी दार उघडलं की धूर. गरजेपेक्षा मोठा घेऊ नका. लाकडाचा बॉयलर निम्म्याहून कमी लोडवर रडतखडत चालतो आणि तेव्हाच सगळ्यात जास्त धूर करतो. बाष्पके संचालनालयाची नोंदणी, प्रमाणपत्र असलेला बॉयलर अटेंडंट, प्रदूषण मंडळाची संमती हे सगळं करायचंच आहे, त्यात वेगळं काही सांगण्यासारखं नाही. फक्त फायरमनला चिमणीचं टोक त्याच्या जागेवरून दिसेल असा आरसा किंवा कॅमेरा लावून द्या. त्याला स्वतःचा धूर दिसला की तो हवा स्वतःच जुळवतो. मी लावलेल्या प्रत्येक ठिकाणी हे झालंय.

आत्ता तुम्हाला एकही रुपया खर्च न करता करता येईल ते असं. उद्यान विभागाला विनंती करून प्रत्येक ट्रक वजनकाट्यावरून न्यायला सांगा, वर्षभर. दर आठवड्याला तीन ट्रकमधून मनगटाएवढ्या फांदीचे तुकडे घ्या, पाव किलो मोजा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत १०५ अंशांवर चोवीस तास ठेवा, पुन्हा मोजा, तारखेसकट लिहा. पाला किती, फांदी किती, ओंडका किती, डोळ्यांनी अंदाज घेऊन तेही लिहा. सुरुवात या जुलैपासूनच करा, ऑक्टोबरची वाट बघू नका. तुमचा बॉयलर जुलैच्या लाकडावर चालणार आहे की नाही, त्यावरच सगळं ठरेल.